बांधाखालचा दोरा

शिरटेकच्या माणसाची बायको रुसून माहेरी गेली तरी तो दोन वेळचं जेवत असे. पण शेजाऱ्यानं नांगर वळवताना बांधाची वीतभर माती आपल्याकडं ओढली, की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. बांध कोरणं ही त्या गावची जुनी खोड. उघड कोणी कोरत नसे. नांगराचं तास संपताना फाळ जरासा आत घालायचा, सुटलेलं ढेकूळ पायानं अलगद आपल्या रानात ढकलायचं, आणि पाऊस पडून गेला की ‘पाण्यानंच खाल्ला वो बांध’ म्हणून शेजाऱ्याच्या आधी आपणच हळहळायचं. सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत ते बांधापायी. पुढं बैल गेले, नांगर गेले, माणसाशिवाय चालणारे ट्रॅक्टर आले, तरी खोड काही गेली नाही. ट्रॅक्टरला नकाशा दाखवतानाच लोक हद्दीची रेघ बोटभर पलीकडं सरकवून ठेवत.

माळवस्तीच्या ईश्वराबापू खिलारे यांचा बांध तर पंचक्रोशीत नावाजलेला. त्याच्या वरच्या अंगाला माळवस्तीची मुरमाड जमीन आणि खालच्या अंगाला ढवळ्यांची मळई, म्हणजे ओढ्याकाठचं काळंभोर उसाचं रान. माळवस्तीला गावानं कधी आपल्यात धरलं नव्हतं. जत्रेत वस्तीचा नारळ सगळ्यांच्या शेवटी फुटायचा. माळाची ती जमीन एके काळी गायरान होती. बापूंनी तरुणपणी वस्तीतल्या माणसांना घेऊन ती हातानं फोडली, निघालेले दगड खालच्या कडेला रचले, त्यावर घायपात लावला आणि तो बांध झाला. हणमंतराव ढवळ्यांनी तो कोरायला वरचेवर माणसं पाठवली. बापूंचा डावा हात कोपरात वाकडा होता, तो त्यातल्याच एका सकाळचा. हात गेला पण बांध जागचा हलला नाही, असं बापू सांगत आणि वाकड्या हातानंच मिशी पुसत.

अशा गावात, अशा बापाच्या घरात, बांध काढून टाका असं सांगायची पाळी वैजयंतावर आली.

वैजयंता ही बापूंची एकुलती एक मुलगी. कोल्हापुरात शेतीची पदवी घेतलेली, लग्न होऊन तासगावला गेलेली, आणि नवऱ्याशी पटेना म्हणून माहेरी परतलेली. परतली त्या दिवशी बापूंनी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. नुसती चूल पेटवून दिली होती. ते ती कधी विसरली नाही.

हणमंतरावांच्या माघारी ढवळ्यांचा कारभार त्यांच्या मुलाकडं, संग्रामकडं आला होता. संग्राम बापासारखा आडदांड नव्हता. गोड बोलायचा, हसून बोलायचा, वस्तीत आला तर चहा घेऊन जायचा. त्यानंच पुण्याच्या डॉक्टर केळुसकरांना गावात आणलं आणि शाळेच्या पटांगणात सभा भरवली.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मातीत एक बुरशी असते. पिकाच्या मुळांशी तिची जुनी सोयरीक आहे. तिचे धागे केसाहून बारीक असतात, त्यामुळं मूळ जिथं पोचत नाही तिथं ते पोचतात आणि तिथलं पाणी, स्फुरद, जस्त मुळाला आणून देतात. ही बुरशी फार दूर जात नाही. नांगरट झाली की तुटते, कोरड पडली की मरते. डॉक्टरांच्या प्रयोगशाळेनं तिच्यात फेरबदल करून अशी जात तयार केली होती की जिचा धागा तुटला तर पुन्हा जुळेल, दुष्काळात नुसता निजून राहील, आणि एका रानातून दुसऱ्या रानात असा वाढत वाढत सगळं शिवार एकमेकांना बांधून टाकेल. नांगरट बंद. लहान यंत्रं नुसती भोकं पाडून बी टोचतील. मात्र एक अडचण होती. बांध. बांधाची माती पायानं तुडवून दगडासारखी झालेली, वर घायपात आणि बोरी, खाली कोरडं. धागा तिथं येऊन अडतो.

“म्हणजे बांध काढले, तर सगळं शिवार एक होईल,” डॉक्टर म्हणाले.

लोकांना यातलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं वैजयंतानं त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “दोन विहिरी खालनं जोडल्या की पाणी कसं सारखं होतं? तसंच हाय हे. जिथं जास्त, तिथनं जिथं कमी तिकडं जाणार. मळईतलं माळाला येणार.”

वस्तीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मळईतलं माळाला येणार हे वाक्य त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर बापूंनी डोक्यावरची टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, “बांध गेला तर आपलं कुठं संपतं आन् त्यांचं कुठं लागतं, कळायचं कसं?”

“ते नकाशात राहतंय की, आप्पा. वरनं उपग्रह बघतोय. कुणाला कोरता येणार न्हाई आता.”

“तू शिकलीस. मला त्यातलं काय कळतंय? तुला पटतंय न्हवं?”

“पटतंय.”

“मग झालं,” बापू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहार घेऊन पहिला दगड त्यांनी स्वतः उपटला. यंत्राला हात लावू दिला नाही.

गावानं ‘एकशिवार’ नावाची संस्था काढली आणि संग्रामदादांनी वैजयंताला तिची सचिव केलं. वस्तीतलं माणूस गावच्या खुर्चीवर बसलं ते पहिल्यांदाच. संस्थेचा एक नियम तिनंच समजावून मंजूर करून घेतला होता. मत माणसामागं नाही, पिकाच्या उताऱ्यामागं. ज्याच्या रानात जास्त पिकेल त्याचं मत जड. नुसती जमीन अडवून बसणाऱ्यानं दुसऱ्यावर हुकूम चालवू नये, असा त्यातला विचार होता, आणि कागदावर तो चांगलाच दिसत होता. दुसरा नियम असा की धागा जिथं पोचला तिथं सगळ्यांच्या संमतीवाचून खणायचं नाही. एकानं तोडला तर सगळ्यांचं नुकसान. त्यालाही कुणी हरकत घेतली नाही.

धाग्याला लोक ‘दोरा’ म्हणायला लागले. अमक्याच्या रानात दोरा आला, तमक्याच्यात अजून यायचाय, अशी बातमी घरोघर फिरे.

पहिल्या हंगामात माळाची ज्वारी माणसापेक्षा उंच गेली. कणसं इतकी भरली की ताटं वाकली. बापू रानात नुसते उभे राहत आणि हसत. दुसऱ्या हंगामातही तसंच. वस्तीतल्या मतांचं वजन वाढलं, आणि ग्रामसभेत वस्तीचा माणूस बोलायला उठला की गाव गप्प बसून ऐकू लागलं. वैजयंताला रात्री छान झोप लागायची.

शिवार मात्र ओळखू येईनासं झालं. बोरी गेल्या, बाभळी गेल्या, घायपात गेला. डोंगरापासून ओढ्यापर्यंत एकच हिरवी चादर. बायकांना न्याहारीला टेकायला सावली उरली नाही, आणि सावलीच्या कडेनं निघणाऱ्या गप्पाही उरल्या नाहीत. म्हातारी माणसं रानातून चालताना जिथं पूर्वी बांध होता तिथं पोचली की अजून पाय उचलून टाकत, आणि मग आपलंच हसू येऊन इकडंतिकडं बघत.

तिसऱ्या हंगामात माळाच्या ज्वारीची खालची पानं जांभळी पडली.

वैजयंतानं एक पान खुडलं. जांभळं पान म्हणजे स्फुरदाची उपासमार, हे तिला पहिल्याच वर्षी कॉलेजात शिकवलं होतं. तिनं संस्थेच्या कचेरीत येऊन संगणकाचा पडदा उघडला. शिवारात जागोजाग खुंट्या ठोकलेल्या होत्या, आणि दोऱ्यातून काय कुठून कुठं जातं ते त्या सांगत. पडद्यावरचे सगळे बाण एकाच दिशेला वळले होते. माळाकडून मळईकडं.

तिनं डॉक्टरांना फोन लावला.

“हे उलटं का चाललंय, डॉक्टर?”

“उलटं नाही, सरळच आहे,” डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. “बुरशी दानधर्म करत नाही, वैजयंताताई. ती व्यापार करते. तिला उन्हात अन्न तयार करता येत नाही. पीक तिला साखर देतं, त्या बदल्यात ती स्फुरद देते. जो जास्त साखर देईल त्याच्याकडं ती माल नेणार. तुमच्याकडं सुरुवातीला माळात दोरा नवा होता, मातीत साठा होता, म्हणून ज्वारी चांगली आली. आता दोरा उसापर्यंत पक्का पोचलाय. उसाइतकी साखर दुसरं कुठलं पीक देणार?”

“हे तुम्ही सभेत सांगितलं नव्हतं.”

“सांगितलं होतं. शेवटच्या चित्रात होतं ते. चहा आला तेव्हा.”

वैजयंताला ती सभा आठवली. चहा आला तशी सगळी उठली होती. तीही उठली होती. बापूंना कप नेऊन द्यायला.

ती दोन दिवस जेवली नाही. मग तिच्या डोक्यात एक विचार आला, आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात तोच आला असता. दोऱ्याला साखर हवी ना? मग साखर देऊ. डॉक्टरांनी ही जात अशी केली होती की मुळाशिवाय मिळालेली साखरही तिला पचावी, म्हणजे पीक नसतानाही ती जगेल. गुऱ्हाळाची मळी म्हणजे काहिलीत रस उकळताना वर येणारी घाण. तिच्यात साखर भरपूर असते आणि ती कुणाला नको असते.

ती ढवळ्यांच्या गुऱ्हाळावर गेली. दुपारची वेळ होती, काहिलीतून गोड वाफा येत होत्या. संग्रामदादांनी तिला खुर्ची दिली, रस दिला, सगळं ऐकून घेतलं.

“ताई, लागंल तेवढी न्या,” ते म्हणाले. “आम्हाला ती वतून द्यायचीच असती. टँकरबी मीच पाठवतो. वस्तीचं पीक गेलं तर मला काय गोड लागणार हाय व्हय?”

येताना वैजयंताला वाटलं की हणमंतरावांच्या पोटी हे माणूस कसं जन्मलं कोण जाणे.

वस्ती कामाला लागली. जिथं जुना बांध होता त्या रेघेपासून वरपर्यंत लोकांनी पाणी मिसळून मळी ओतली. आणि मग शिरटेकची खोड जागी झाली. भीमा ऐवळ्यानं शेजारणीपेक्षा बादलीभर जास्त ओतली, म्हणजे दोरा आपल्याकडं वळेल. शेजारणीनं ते बघितलं आणि त्याच्या कडेला दोन बादल्या रिचवल्या. डोळ्याला दिसणारा बांध कुठंच नव्हता, पण प्रत्येक जण आपापल्या मनातल्या बांधावर उभं राहून शेजाऱ्याचा दोरा ओढत होता. बापूंनी तर भाचीच्या रानाच्या कडेला मळी ओतली आणि पकडले गेले.

“मामा, लाज न्हाई वाटत?” भाची ओरडली.

“सवय गं बाई, सवय,” बापू म्हणाले, आणि सगळी वस्ती पोट धरून हसली. ते हसणं वैजयंताला फार दिवस पुरलं. त्यानंतर वस्ती तशी हसली नाही.

पानं हिरवी झाली. ताटाच्या शेंड्याला नवा पोगा टरारून वर आला. लोक वैजयंताच्या घरी वाटीभर दूध, कोंबडीचं अंडं असं काहीबाही आणून द्यायला लागले. मग एका आठवड्यात सगळं बसलं. ज्वारी आधी जांभळी, मग तांबडी, मग काडी. माती हातात घेतली तर राखेसारखी बोटांतून गळायची. बापूंनी ओंजळ भरून उचलली, नाकाशी नेली आणि खाली टाकली. मातीला वास उरला नव्हता.

पुन्हा फोन. तिनं मळीचं सांगितलं तसं डॉक्टरांनी विचारलं.

“मळी कुणी टाकायला सांगितली?”

“मी.”

“साखर मिळाली की तो दोरा माजतो. ताकद आली की खोल जातो, मुरूम फोडतो, खडकातलं स्फुरदसुद्धा काढतो. पण काढलेला माल तो जिथं रोज साखर मिळते तिथंच नेतो. तुमची मळी आज आहे, उद्या नाही. ऊस रोज आहे. तुम्ही त्याला माळात खाऊ घातलं, आणि त्यानं माळ काढून मळईत नेला. याला आम्ही...” डॉक्टरांनी काहीतरी शास्त्रीय नाव सांगितलं. वैजयंतानं ते ऐकलंच नाही.

ती तशीच गुऱ्हाळावर गेली. संग्रामदादा गुळाच्या ढेपा मोजून घेत होते.

“दादा, हे असं होणार तुम्हाला ठाऊक होतं?”

“डॉक्टर मागंच म्हणाले होते, मळी दिली की दोरा जोर धरतो म्हणून.”

“मग मला का न्हाई सांगितलंत?”

संग्रामदादांनी माणसाला ढेपा पुढं न्यायला सांगितलं आणि तिच्याकडं वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. “तुम्ही विचारलं न्हाई. तुम्ही मागाय आला, मी दिली. न्हाई दिली असती, तर ढवळ्यांनी वस्तीला मळीसुद्धा दिली न्हाई, असं तुम्हीच गावभर सांगितलं असतं. खरं का खोटं?”

ते खरं होतं.

“आमच्या वडलांनी तुमच्या वडलांचा हात मोडला,” संग्रामदादा म्हणाले. “मी कधी कुणाला बोट लावलंय का?”

एकच उपाय उरला होता. माळ आणि मळई यांच्यामध्ये खोल चर मारायचा आणि दोरा तोडायचा. जुना बांध पुन्हा घालायचा, पण या वेळी जमिनीच्या आत. त्याला सभेची संमती हवी होती. वैजयंतानं सभा बोलावली आणि ठराव स्वतः मांडला.

शाळेच्या पटांगणात माळवस्ती झाडून आली. मधल्या रानातले लोकही त्यांच्या बाजूनं होते, कारण जांभळं पान आता त्यांच्या दारापर्यंत आलं होतं. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर इतके हात वर झाले की मागं बसलेल्यांना फळा दिसेना. विरोधात ढवळ्यांची भावकी, आणि ओढ्याकाठची चार घरं. वस्तीतल्या एका म्हातारीनं हातांच्या त्या रानाकडं बघून पदर डोळ्याला लावला.

मग संगणकानं उताऱ्याप्रमाणं मतं धरली. माळाचा उतारा त्या हंगामात शून्य होता. बापूंच्या मताचं वजन शून्य. भाचीचं शून्य. भीमा ऐवळ्याचं शून्य. मधल्या रानांचं थोडं काही, आणि बाकी सगळं मळईचं. नियम साफ होता, आणि निकाल वाचायचं काम सचिवाचं होतं.

वैजयंता उभी राहिली.

“ठराव नामंजूर,” ती म्हणाली.

वर गेलेले हात अजून खाली आले नव्हते. लोकांना वाटलं मोजायचं राहिलंय. बापूंचा हात तर शेवटपर्यंत वर होता, उजवा. ती खाली बसली, त्यानंतर कुणीतरी तो धरून खाली केला.

संग्रामदादा मग बोलले. शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “वस्तीला वाऱ्यावर सोडायचं न्हाई. माळ आता पिकायचा न्हाई, पण त्याच्या खडकात अजून पुष्कळ हाय. मळी वतत राहिलं तर दोरा ते काढत राहतो. मळी आमची. वतायला माणसं लागतील. बाहेरची आणायची कशाला? रोजगार वस्तीलाच द्यायचा.” शेवटी ते म्हणाले, “दुभतं रान म्हणायचं त्याला.”

कुणी टाळी वाजवली नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही. जायचं कुठं हा प्रश्न होता. शेजारच्या गावांनीही तोवर बांध काढले होते.

दोन दिवसांनी भर दुपारी वैजयंताच्या फोनवर इशारा आला. माळाच्या खालच्या कडेला कोणीतरी खणतंय. कोण खणतंय ते तिला फोननं सांगायची गरज नव्हती. अशा वेळी सचिवानं यंत्रणेला कळवायचं असतं. तिनं फोन पालथा ठेवला आणि माळाकडं निघाली.

बापू कुदळ मारत होते. वाकड्या हाताला नेम साधत नव्हता, निम्मे घाव बाजूला पडत होते. कमरेइतका खड्डा झाला होता.

“आप्पा, बंदी हाय.”

“माझ्या रानात?”

तिनं त्यांच्या हातातली कुदळ घेतली आणि खड्ड्यात उतरली. मग भाची आली, भीमा आला, आणखी पाचसहा जण आले. संध्याकाळपर्यंत खणलं, सकाळी पुन्हा आले. कुणी अडवायला आलं नाही. ढवळ्यांच्या वाटेवरून एक गाडी हळू गेली आणि थांबलीही नाही. वैजयंताला त्याचीच जास्त भीती वाटली.

माती संपली, मुरूम लागला. मुरूम संपला, खडक लागला. खडकात एक चीर होती. भीमानं पहार घालून ती उचकटली, आणि चिरेच्या आत पांढरं काहीतरी दिसलं. चुलीवर दुधाची साय धरावी तसा दोरा खडकाच्या दोन्ही अंगांना धरला होता, आणि खाली, आणखी खाली, बोट जाणार नाही अशा फटीत उतरत गेला होता.

सगळे त्या चिरेभोवती उभे राहिले.

“वैजे,” बापूंनी विचारलं, “ह्ये कुठवर गेलंय?”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. अजून दोन पुरुष खोल खणलं की संपेल, असं म्हणायला तिचे ओठ उघडले होते. पण पडदा तिनं बघितला होता. आदल्या रात्रीच.

“ओढ्याच्या खालनं पलीकडं गेलंय, आप्पा. कुदळीनं तुटायचं न्हाई आता. कशानंच तुटायचं न्हाई.”

बापूंनी मान हलवली. भीमानं हात दिला तेव्हा तो धरून ते वर आले, अंगावरची माती झाडली आणि घराकडं चालू लागले. वैजयंता त्यांच्या मागून निघाली. तू सांगितलंस म्हणून मी बांध काढला, असं ते आता म्हणतील, याची ती वाट बघत होती. घरी गेल्यावर म्हणतील, जेवताना म्हणतील. त्यांनी म्हटलं असतं तर तिला रडता तरी आलं असतं. बापूंनी ते कधीच म्हटलं नाही. त्यांनी भाकरी मोडली, तिच्या ताटात अर्धी ठेवली आणि अर्धी स्वतः खाल्ली.

तिनं राजीनामा दिला. संग्रामदादांनी तो परत केला. “तुम्ही गेला तर मी दुसरा ठेवीन,” ते म्हणाले. “त्याला वस्तीतलं कोण म्हातारं, कोणाचा हात अधू, काय माहीत? तो धडधाकट बघून घेणार. तुम्ही असला तर सगळ्यांना काम लागंल.” हेही खरं होतं. संग्रामदादा खोटं कधी बोलतच नसत, त्याला कोण काय करणार?

दिवाळी झाल्यावर मळी ओतायचं काम सुरू झालं. वरच्या बाजूला टँकर उभा राहिला. वस्तीतली माणसं पाठीवर पंप बांधून रांगेत उभी होती. आता एकमेकांच्या कडेला चोरून बादली ओतायचंही कुणाच्या मनात येत नव्हतं, कारण कुणाची कड कुठं हे विचारायचं कारणच उरलं नव्हतं. समोरचा माळ करडा, सपाट, डोंगरापर्यंत पसरलेला. खाली मळईतला ऊस मात्र असा माजला होता की त्याच्यावरून वारा गेला की समुद्रासारखा आवाज यायचा.

वैजयंता ज्याला त्याला जागा नेमून देत होती. रांग पुढं सरकत तिच्या वडलांपर्यंत आली. त्यांनी पंपाचा पट्टा वाकड्या हाताला अडकणार नाही असा नीट सारला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“बाईसायेब,” ते म्हणाले, “मी कुठनं धरू?”

तिला वाटलं ते टोमणा मारतायत. तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. टोमणा नव्हता, राग नव्हता, ओळखसुद्धा नव्हती. कामावरच्या माणसाला काम विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. मागं रांग खोळंबली होती आणि टँकरवाला हॉर्न वाजवत होता.

वैजयंतानं हात करून दाखवलं. बापूंनी टोपी डोक्यावर घातली आणि आपण फोडलेल्या रानात ते शिरले, दुसऱ्याच्या पिकातून जाताना माणूस पाय जपून टाकतो तसे.